शताब्दी पुस्तिका : कामाच्या नोंदी

७ जून
मंडळीच्या, म्हणजे आमच्या गावच्या ख्रिस्ती समाजाच्या, पंचांच्या बैठकीत पुस्तिकेचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. शाळेतून निवृत्त, मराठी शिकवलेली, वर बैठकीला हजर. मग सुटका कुठली? देवळाच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, दारावरच्या दगडी पाटीला येत्या नाताळात शंभर वर्षं भरतात. तेव्हाच्या सभांमध्ये वाटायला पुस्तिका हवी. खजिनदार नानांनी देणगीची पावतीपुस्तकं छापूनही आणली आहेत. वर ठळक अक्षरांत 'मंडळीची शताब्दी'.

जिभाऊ म्हणाले, "ताई, सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका समोर ठेवा आणि पुढची पन्नास वर्षं तिला जोडा. नवीन काय लिहायचंय त्यात?"

ती जुनी पुस्तिका रात्री वाचून काढली. पहिल्या पानावर मिशनरी साहेब-मडमेचा फोटो, दुसऱ्यावर पाटीचा. तिसऱ्या पानावर 'साहेब आले व त्यांनी येथे मंडळी स्थापन केली' असं एक वाक्य, की लगेच इमारत सुरू. कौलं कुठून आणली, घंटा कोणी दिली, सागाची दारं कोणत्या सुताराने केली, सगळं आहे. त्या इमारतीत पहिल्या रविवारी येऊन बसलेली माणसं कोण होती, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला नवीन काय लिहायचंय ते हेच.

११ जून
पाळकसाहेबांनी कपाटाची किल्ली दिली. आत बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दफनाचं रजिस्टर, पंचांच्या इतिवृत्ताच्या वह्या. कसर लागली आहे, पण मजकूर शाबूत आहे. तळाला प्रभुभोजनाच्या जुन्या पेल्यांखाली लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची एक लांबट चोपडी निघाली. ती मोडीत आहे. मला अंकांपलीकडे काही लागलं नाही. पाळकसाहेबांना वाटतं, कुणा दुकानदाराची असेल, चुकून आली असेल. मला तसं वाटत नाही. दुकानदाराची चोपडी प्रभुभोजनाच्या भांड्यांत कशाला जाईल?

कामाचा नियम ठरवला : रजिस्टर आवाराबाहेर न्यायचं नाही. सकाळच्या उजेडात ओट्यावर टेबल मांडून मोबाईलने पानं टिपायची, दुपारी घरी बसून वाचायची.

१५ जून
आधी बाहेरचं चित्र मांडून घेते, म्हणजे आपलं गाव त्यात कुठे बसतं ते दिसेल.

१८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ (संवत १९५६, म्हणून छप्पन) खानदेशाच्या आठवणीतून अजून गेलेला नाही. त्याच सुमारास सुरत-अमळनेर हा तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग पुरा झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. मिशनांचे भागही साधारण असेच पडले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव हा पूर्वेकडचा पट्टा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे. पश्चिमेकडे धुळे-नंदुरबारच्या बाजूला स्कँडिनेव्हियन मंडळी आली. त्यांतलं एक मिशन फ्रेडरिक फ्रॅन्सन (१८५२-१९०८) या जन्माने स्वीडिश माणसाने १८९० मध्ये शिकागोत सुरू केलेलं. १९४९ मध्ये त्याचं नाव बदलून 'टीम' (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) झालं. दुसरं थेट स्वीडनमधून आलेलं. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी सगळी 'अलायन्स'च.

एकाच्या भागात दुसऱ्याने काम करायचं नाही, असा मिशनांचा आपसातला समझोता होता. साहेबांसाठी सोय चांगली. पण माणसं लग्नं करतात, बदलीवर जातात, मजुरीला जातात. समझोता त्यांना कुठला ठाऊक?

२० जून
लग्नाचं रजिस्टर हातात घेतलं आणि दिवस कसा गेला कळलं नाही.

'वय' हा रकाना बघून आधी हसू आलं. सुरुवातीच्या पानांवर नवरे एकजात सतरा वर्षांचे, नवऱ्या एकजात चौदाच्या. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात एतद्देशीय ख्रिस्ती नवरा सोळाच्या वर आणि नवरी तेराच्या वर असावी अशी अट होती. म्हणजे लिहिणाऱ्याने वय विचारलंच नसणार, कायदा बघून एक मिळवला असणार. जन्माचा दाखला कुणाकडे होता तेव्हा!

खरा ऐवज 'राहण्याचे ठिकाण' या रकान्यात आहे. अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, खांडबारा, चिंचपाडा, नवापूर. रेल्वेचं वेळापत्रकच ओळीने. आडवाटेची गावं येतात ती उशिरा, तीही एखादी मुलगी तिकडे दिली की मग तिच्या सासरची. लग्नाच्या रजिस्टरात एखाद्या गावाचं नाव आलं की दोन-चार वर्षांनी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याच गावची माणसं दिसायला लागतात. दीर, नणंद, मग सासू. सासरा सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

तंबूच्या दौऱ्यांचं श्रेय मी नाकारत नाही. पिकं निघाली की मार्गशीर्षापासून होळीपर्यंत दमण्या जुंपून साहेब, उपदेशक आणि बायबलवाली बाई गावोगाव फिरत. आठवड्याच्या बाजारात भजन, दिव्याच्या यंत्रावर चित्रं, तापाला क्विनाईन. लोक जमत. पण जमलेले लोक बाजार उठला की घरी जात. टिकले ते सोयऱ्याधायऱ्यांतून आलेले. रजिस्टरांवरून तरी असंच दिसतं.

२१ जून
कालच्यात एक जोडते. आपल्याकडे बाप्तिस्मा जाणत्या वयात आणि पाण्यात बुडवून, म्हणून तारखा पावसाळ्यानंतरच्या. चैत्र-वैशाखात एकही नाही, कारण डोहात पाणीच नसणार. नगरकडून आलेल्या सुनांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असे. त्यांच्यासमोर 'नगरच्या मंडळीचे पत्र घेऊन आली' एवढीच नोंद. त्यांना पुन्हा पाण्यात उतरवायचं की नाही, यावर पंचांची बैठक बरीच रंगलेली दिसते. शेवटी 'पत्र पुरे' असं ठरलं. शहाणपणा साहेबांचा की पंचांचा, इतिवृत्त सांगत नाही.

२८ जून
दफनाचं रजिस्टर. १९१८ चं पान.

त्या वर्षी आश्विन-कार्तिकात इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाखा अक्षरशः झोडपला होता. आपल्या रजिस्टरात एरवी वर्षाला एक पान पुरतं. इथे एका महिन्यात पान भरलं. 'मृत्यूचे कारण' या रकान्यात वर 'ताप' आणि खाली नुसत्या खुणा. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर शाई संपून पेन्सिल सुरू होते. 'विधी कोणी केला' या रकान्यात आधी साहेबांची सही आहे. पुढे सही नाही. तिथे लिहिलंय : 'पाळक हजर नाहीत. प्रार्थना पंचांनी केली.' खाली दोन सह्या आणि एक अंगठा.

मी तिथेच थांबले. हे पाटीच्या आधीचं पान आहे. देऊळ नाही, पाळक हजर नाही, तरी मंडळीला पंच आहेत. ते कबर खणवतात, प्रार्थना करतात, रजिस्टर भरतात आणि जबाबदारी म्हणून खाली अंगठा उठवतात. मग 'साहेब आले व स्थापन केली' या वाक्याचं काय करायचं?

४ जुलै
चोपडी घेऊन धुळ्याला. (नियम मोडला नाही. पाळकसाहेब स्वतः पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.) राजवाडे संशोधन मंडळात ओळखीतून मोडीचे एक जाणकार भेटले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी १९२७ मध्ये ही संस्था उभी राहिली. असल्या वास्तूत आपल्या गावची चोपडी टेबलावर ठेवताना थोडा संकोच वाटला. त्या गृहस्थांनी मात्र चष्मा पुसला, पहिलं पान उजेडाकडे धरलं आणि सरळ वाचायला लागले.

धान्याचा हिशेब आहे. मुठीचं धान्य!

लहानपणी आमच्या घरी चुलीजवळ एक गाडगं असायचं. भाकरीचं पीठ काढताना किंवा डाळ घेताना आई त्यातली एक मूठ गाडग्यात टाकायची, आणि रविवारी ते देवळात रितं व्हायचं. ही त्याच मुठीची चोपडी. 'बाजरी शेर २', 'बाजरी पायली १', 'तूर शेर १', चैत्राच्या सुमाराला 'दादर पायली २' (दादर म्हणजे रब्बी ज्वारी). घरांची ओळख कामावरून दिली आहे : मळ्यातला सालदार, गँगमन रेल्वे, बोर्डिंगचे मास्तर, बायबलवाली बाई. आराधना झाली की त्या धान्याचा लिलाव व्हायचा. जमा पुढच्या रकान्यात रुपये-आण्यांत. खर्चाच्या बाजूला घासलेट, कंदील, सतरंजी, खडू, उपदेशकाच्या दमणीचं भाडं. खडू म्हणजे वाचायला शिकवत होते.

साल शके आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पहिली नोंद पौष वद्यातली. म्हणजे जानेवारी धरून ७९ मिळवायला हवेत, असं त्या गृहस्थांनीच बजावलं. मिळवले. पाटीच्या आधी दशकभराचं साल निघालं. नेमका आकडा समितीपुढे ठेवीपर्यंत इथे लिहीत नाही. ही वही जिभाऊंच्या नातवाच्या हाती लागते.

येताना एसटीत पाळकसाहेब बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाई, म्हणजे शताब्दी होऊन गेली की!"

९ जुलै
मोठ्या मायकडे गेले. नव्वदीच्या पुढची बाई, दिसत नाही, ऐकू खणखणीत येतं. तिच्या सासूने सांगितलेलं तिला पाठ आहे. विचारलं, देऊळ नव्हतं तेव्हा लोक बसायचे कुठे? तर म्हणाली, "देऊळ कालदिन उनं. आम्हीन त्याना आगुदरना शेतस." (देऊळ काल आलं, आम्ही त्याच्या आधीचे आहोत.)

तिच्या सासऱ्याच्या खळ्यात बसायचे. पावसाळ्यात गोठ्याच्या पडवीत. गुरं आत, माणसं बाहेर. धान्य मापायची पायली त्याच घरची होती. ती पायली अजून आहे का, विचारलं. आहे! नातसुनेने धान्याच्या कोठीवरून काढून दाखवली. लाकडी, तोंडाला लोखंडी पट्टी, बूड एका बाजूला झिजलेलं. आतून हात फिरवला तर अजून तुरीचा भुसा लागतो. आता ती कोठीचं झाकण दाबायला वापरतात. फोटो काढून घेतला. पायली मागितली नाही, घरची वस्तू आहे.

१४ जुलै
युवक संघाच्या पोराचा आग्रह आहे की बालकवींवर एक पान हवंच. धरणगावचे, खानदेशचे, नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिलेले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्याबद्दल किती मायेने लिहिलंय, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले. सगळं खरं. पण आपल्या मंडळीशी संबंध काय? शेजारच्या जिल्ह्यात थोर माणूस जन्मला म्हणून आपल्या पुस्तिकेचं पान उजळत नाही. नाही म्हणून सांगितलं. पोरगा नाराज.

त्याला दुसरं काम दिलं. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची भजनं पुढे सगळ्या मराठी मंडळ्यांत गेली, आपल्याकडे ती बोर्डिंगच्या मास्तरांनी आणली. इतिवृत्तात ढोलकीचा वाद आहे : साहेबांच्या मते ढोलकी तमाशातली, आराधनेत नको, पंचांच्या मते भजन ढोलकीवाचून उभं राहत नाही. तीन बैठका चालला. ठराव : 'ढोलकी असावी, बेताने वाजवावी.' त्यावर एक पान लिही म्हटलं. खूश झाला.

२२ जुलै
आजचं काम नाजूक आहे.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात 'पूर्वीची जात' असा रकाना आहे. कोणी महार, कोणी भिल्ल, कोणी मांग, एखादं घर कुणब्याचं. १९५० पर्यंत रजिस्टर एका चालीने चालतं. मग चाल बदलते. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. त्याचा परिणाम पानांवर लख्ख दिसतो. भिल्ल घरांच्या नोंदी पूर्वीसारख्याच येत राहतात. दलित घरांच्या आटतात. तीच घरं देवळात मात्र येत राहिली, हे मुठीच्या आणि दशांशाच्या (उत्पन्नातल्या दहाव्या हिश्श्याच्या) वह्यांवरून कळतं. रजिस्टरात नाव नाही, वर्गणीत आहे.

ज्यांनी नाव घातलं नाही त्यांना भित्रे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. पोरांची फी, वसतिगृह, नोकरी एका दाखल्यावर अडकलेली असताना आईबापांनी काय करावं हे दुसऱ्याने ओट्यावर बसून सांगू नये.

ठरवलं : रजिस्टरातली एकही व्यक्ती नावानिशी छापायची नाही. जातीचा रकाना फोटोत झाकायचा. १९५० च्या आदेशावर मात्र पूर्ण परिच्छेद, कायद्याच्या भाषेत, कुणाच्या घराकडे बोट न दाखवता. जिभाऊंना वाटतं हा परिच्छेदच नको. पाळकसाहेब माझ्या बाजूने.

२७ जुलै
फुटकळ. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, त्यात आपण गेलो नाही. दोन ओळी पुरेत. चिंचपाड्याच्या दवाखान्यावर अर्धं पान, कारण मंडळीतल्या निम्म्या घरांतलं एक तरी मूल तिथे जन्मलेलं. बोर्डिंग बंद झालं त्यावर कोणीच बोलायला तयार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन.

३ ऑगस्ट
समितीची बैठक. मी चार तारखा फळ्यावर लिहिल्या : मिशन या भागात आलं ते साल, चोपडीचं साल, पाटीचं साल, न्यासनोंदणीचं साल.

जिभाऊ म्हणाले, कायद्याने मंडळी नोंदणीपासूनच. मी म्हटलं, सार्वजनिक न्यासाचा कायदा १९५० चा. मग १९१८ मध्ये ज्या पंचांनी माणसं पुरली ते कोणत्या मंडळीचे पंच? यावर उत्तर आलं नाही.

मिशन आलं तीच सुरुवात, असं एका आबांचं म्हणणं. त्यांचे आजोबा साहेबांच्या बंगल्यावर खानसामा होते. आबांचा स्वर चढला : "साहेबांनी जमीन घेतली, विहीर खणली, बोर्डिंग काढलं, आणि तुम्ही त्यांना मागे ढकलता?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ती विहीर १९७२ च्या दुष्काळातही गावाला पाणी देत होती. बैठकीत मी एवढंच बोलले की जमीन, विहीर आणि बोर्डिंग यांची वेगळी प्रकरणं होतील, साहेबांचा फोटो तिथे मोठा छापू. पण ज्या दिवशी सालदाराने आपल्या वर्षाच्या धान्यातली मूठ वेगळी काढली आणि कुणीतरी ती लिहून ठेवली, त्या दिवसापासून मी मंडळी धरते. साहेब बदलले, मिशनांची नावं बदलली, हिशेब तोच चालू आहे.

मग नानांनी मुद्द्यालाच हात घातला : "ते सगळं खरं ताई, पण पावत्या छापल्यात. निम्म्या फाटल्याही. शताब्दी होऊन गेली म्हटलं तर लोक पैसे परत मागतील."

बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. देवळाला शंभर होतात हे खरंच आहे ना? मग उत्सव देवळाचा. पावत्यांवर रबरी शिक्का मारून 'मंडळीची' खोडायचं, 'देवळाची' करायचं. पुस्तिकेत चोपडीचं साल पहिल्या पानावर आणि पाटीचं साल तिच्या जागी. हात वर झाले. आबांनी केला नाही, पण विरोधही नोंदवू नका म्हणाले.

शिक्क्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा यावर नाना आणि जिभाऊ यांच्यात अर्धा तास.

१९ ऑगस्ट
प्रूफ आलं. मुखपृष्ठावर पायलीचा फोटो झकास उठला आहे. पहिल्या पानावरचं मोडी काळं पडलंय, सकाळच्या उजेडात पुन्हा टिपायचं. ढोलकीचं पान पोराने बरं लिहिलंय, फक्त 'तमाशा' हा शब्द तीनदा आलाय, दोन काढले.

दोन घरांकडून निरोप आले. एक सालदाराचं, एक गँगमनचं. आपल्याच पूर्वजाने पहिली मूठ दिली असं दोघांचंही म्हणणं, आणि छापाल तर तसं छापा. चोपडी पुन्हा पाहिली. पहिल्या ओळीला नाव नाही, नुसती 'बाजरी शेर २'. तसं दोघांनाही कळवलं. गँगमनच्या घरचे रविवारी चोपडी बघायला येणार आहेत. पाळकसाहेबांना किल्ली तयार ठेवायला सांगितलं आहे.

प्रेसला अंतिम फाइल गुरुवारी.